फुली मारलेली कडी

अण्णा, आज तुझं तेरावं झालं. पानं उठली, भटजी गेले, धारवाडची मंडळी चारच्या बसला गेली, आणि मी काय केलं असेल? जीप धुवायला काढली. शेजारच्या काकू कंपाउंडवरून म्हणाल्या, "सुमन, आज तरी टेक गं जरा." टेकले असते. पण टेकलं की तू समोरच्या खुर्चीत डावा पाय लांब करून बसलेला दिसतोस, गुडघ्यावर हात फिरवत. मग मी पुन्हा उठते. तेरा दिवस असंच चाललंय. डबे पुसून झाले, तुझे सदरे घड्या घालून झाले, माळ्यावरची पितळी भांडी चिंचेनं घासून झाली. आता घरात घासायला काही उरलं नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

तुला एक सांगायचं राहिलंय. नऊ वर्षं राहिलंय. तुझा गुडघा ज्या कडीनं नेला ती कडी पेटीत मी ठेवली होती. तू नाही. तू शेवटपर्यंत स्वतःला दोष देत राहिलास, "मीच बघायला पाहिजे होतं" म्हणत राहिलास, आणि मी शेजारी बसून ऐकत राहिले.

झालं लिहून. वाटलं होतं लिहिलं की बरं वाटेल. काही वाटलं नाही.

परवा पेपरात द्यायला माहिती हवी म्हणून एक जण आला होता. शिक्षण किती, वकिलीची वर्षं किती, मागे कोण. मी सांगितलं: हुबळीच्या कोर्टात इतकी वर्षं, लग्न नाही, मागे एक बहीण, तीही बिनलग्नाची, हायस्कुलात गणित शिकवते. तो लिहून घेऊन गेला. विंचबद्दल त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की हा माणूस सोमवार ते शनिवार काळा कोट घालून दिवाणी दावे चालवायचा आणि रविवारी अळणावरच्या बाजूला चिखलात बसलेल्या लोकांच्या जीपा हातानं ओढून काढायचा?

तुझी जीप सरकारी लिलावातली. आईनं ती दारात पाहिली तेव्हा विचारलं होतं, "ह्याची कापडं कुठं गेली?" हूड फाटलेलं होतं म्हणून. पण तुझा खरा जीव जीपवर नव्हता, तो होता मागच्या लाकडी पेटीवर. पेटीत ते हातविंच, अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र. पिंपळपानाएवढं दातेरी चाक, लांब दांडा, आतून जाणारा तारेचा दोर. दांडा पुढं-मागं केला की दोर दोन बोटं सरकायचा. दोन बोटं! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले होते. "अण्णा, ह्या हिशोबानं जीप वर यायला दिवाळी उजाडेल." तू म्हणालास, "उजाडू दे की. बुडालेली जीप पळून कुठं जाते?"

तुझे नियम मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. आधी फावडं, मग विंच. चाकांपुढचा चिखल उपसायचा, गाडी रिकामी करायची, निम्मं काम तिथंच होतं. झाडाला कधी तार बांधायची नाही, रुंद पट्टा बांधायचा, तोही बुंध्याशी. त्या पट्ट्यासाठी तू दाजीबानपेठेत अर्धा दिवस घालवलास, दुकानदारानं वैतागून विचारलं, "वकीलसाहेब, नक्की बांधायचं तरी कुणाला आहे?" दोर ताणायच्या आधी त्याच्या मध्यावर ओलं पोतं टाकायचं. तार तुटली तर ती सापासारखी उलटून येते, पोत्याच्या वजनानं ती खाली बसते. ताणलेल्या दोरावरून पाय टाकायचा नाही. बघ्यांनी दोराच्या लांबीएवढं लांब उभं राहायचं. हिसका कधीच द्यायचा नाही. आणि दांड्यावर एकच माणूस, दांडाही आहे तेवढाच.

ह्या शेवटच्यावर आपला वाद कधी मिटलाच नाही. मी गणिताची बाई, मला दिसतं की दांड्याला दोन हात लांबीचा पाइप लावला तर जोर दुप्पट होतो. कागदावर काढून दाखवलं तुला. तू कागद नीट पाहिलास, चष्मा वर केलास आणि म्हणालास, "बरोबर आहे. पण लोखंडाला विचारलंस का?" तुझं म्हणणं, एका माणसाच्या जोराला जे येत नाही ते खणून हलकं करायचं, जोर वाढवून नाही. मी म्हणाले, ही वकिली झाली. तू म्हणालास, रविवारी बसू आणि निकाल लावू. शनिवारी सकाळी तू अंगणात शर्टाची बटणं लावता लावता खाली बसलास, आणि उठला नाहीस. रविवार आला नाही.

आणि ते तुझं विचारणं. सगळं बांधून झालं, पोतं टाकून झालं, की दांड्याला हात लावायच्या आधी तू मोठ्यानं विचारायचास, "कोण बोलणार?" दहा माणसं जमलेली असायची आणि दहाही जण सूचना द्यायची, निम्मी मराठीत, निम्मी कानडीत. तू पुन्हा विचारायचास, "कोण बोलणार?" कुणीतरी म्हणायचं, "तुम्हीच बोला, वकीलसाहेब." तरी मागून कोणी पुटपुटलं तर तिसऱ्यांदा. शेवटी सगळं गप्प झालं की तू म्हणायचास, "सावकाश." हा शब्द तू निवडला होतास कारण तो कानडी माणसालाही तसाच कळतो आणि मराठी माणसालाही. मग फक्त तुझा आवाज. बाकी कुणी तोंड उघडलं की तू दांडा सोडून द्यायचास, कोर्टात साक्षीदार मध्येच बोलला की जसा बसून घ्यायचास तसा.

ती वऱ्हाडाची जीप आठवते? अळणावरच्या पलीकडे जंगलातल्या उताराला. नवरदेव मुंडावळ्या सावरत बाजूला उभा आणि त्याचे मामा, तुरा-फेटा घालून, दोराला लागून असलेल्याच दगडावर बसलेले. त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती होईना. मुलाकडचे मामा! तू गेलास, वाकून त्यांच्या पायाला हात लावलास आणि म्हणालास, "मामा, तुम्ही इथंच बसणार असाल तर मी विंच गुंडाळतो. लग्न उद्यासुद्धा लागेल. मामा उद्या मिळायचे नाहीत." मामा उठले. लग्न लागलं, आणि आपल्याला पंगतीत मामांच्या शेजारी बसवलं. तेव्हा मी फक्त रविवारची गंमत म्हणून यायचे, पोतं ओलं करायचं काम माझं. तेव्हा तुझे दोन्ही गुडघे शाबूत होते.

आता ते सांगते.

खंडेनवमीला आपल्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला लागतं. आईचं म्हणणं काय होतं तुला ठाऊक आहे: एखादी वस्तू वगळली तर ती रुसते. आई त्या वर्षी नव्हती. पहिलीच नवमी आईशिवाय. मला सगळं तिच्यासारखं, तिच्याहून जास्त करायचं होतं. विळी, किसणी, माझा शाळेतला लाकडी कंपास, तुझं पेन, जीपची पेटी, सगळं बाहेर काढलं. विंच रॉकेलनं पुसलं. आणि मला सुचलं की सगळ्या लोखंडाला चंदेरी रंग द्यावा. केशवापूरच्या अर्ध्या गॅरेजांत नवमीच्या आधी रंगकाम चालायचंच, त्यात मला गैर काय दिसणार? ब्रश घेऊन बसले. दांडा, हूक, कप्पी. पेटीत दोर आणि जीप यांना जोडणाऱ्या दोन कड्या होत्या, इंग्रजी डी अक्षरासारख्या जाडजूड, तोंडाला आडवी पिन असलेल्या. त्या रंगवल्या. मग लक्षात आलं, कड्या तीन होत्या ना? तिसरी शोधली. ती न्हाणीघराच्या खिडकीत सापडली, तुटक्या करवतीच्या पात्याशेजारी. वाटलं, विसरून राहिली बिचारी. रुसेल.

तिच्या पाठीवर कानशीनं घासून फुली मारलेली होती. मी ती पाहिली, अण्णा. नाही पाहिली असं म्हणायची सोय नाही. बोटानं चाचपली. वाटलं, लोहारानं कसली खूण केलीय, पूजेत बरी दिसायची नाही. म्हणून तिला एका हाताऐवजी दोन हात रंग दिला, फुली बुजेपर्यंत. वीस वर्षं पोरांच्या वह्यांत चुकलेल्या गणितावर फुली मारणारी बाई मी. दुसऱ्यानं मारलेली फुली मला कळली नाही!

नंतर, तुला दर नवमीला कड्या तपासताना पाहून कळलं की तू त्या कडीला रॉकेलात बुडवून, पुसून, वरून खडू फासून पाहिलं होतंस. कडी चिरली असेल तर रॉकेल आतून पाझरतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. रेघ उमटली म्हणून तू फुली मारलीस आणि ती बाजूला ठेवलीस, भंगारात द्यायला. मी तिला न्हाऊ-माखू घालून, हळद-कुंकू लावून, झेंडू वाहून परत पेटीत ठेवली. तू संध्याकाळी बाहेरून आलास, चकचकीत पेटी पाहून म्हणालास, "अरे वा, सुमे, ही तर लग्नाला निघाली." मला किती बरं वाटलं होतं.

महिनाभरानं तू तुझ्या पक्षकाराच्या, यल्लाप्पाच्या, शेताच्या बांधाचं भांडण बघायला अळणावरला गेलास. परतीचा पाऊस झाला होता. जीप नाल्यात बसली. मी शाळेत होते, नववीला समीकरणं शिकवत. तू सगळं नियमानं केलंस. खणलंस, पट्टा बांधलास, पोतं टाकलंस. फक्त पेटीतून हाताला आली ती चंदेरी कडी जीपच्या हुकाला लावलीस. तिन्ही सारख्याच दिसत होत्या. कडी तुटली आणि दोर उलटून झाडाकडे आला, तिथं दांड्यापाशी तू. पोत्यानं त्याला खाली ओढलं म्हणून तो डोक्याऐवजी गुडघ्यावर बसला. डॉक्टर म्हणाले, नशीब. मला नशीब कुठं दिसलं नाही. मला पलंगावर पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला पाय दिसला, आणि तू माझ्याकडे बघून म्हणालास, "मीच बघायला पाहिजे होतं."

तिथंच मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. "अण्णा, ती कडी…" आणि तू म्हणालास, "सुमे, आधी पाणी दे."

जरा उठून येते. जीपच्या चाकांना अजून पाणी मारायचं राहिलंय.

*

परत आले. दिवे लागलेत.

डावा गुडघा वाकेना म्हणजे क्लच दाबता येईना. तू जीप विकशील असं सगळ्यांना वाटलं. तू मला मैदानावर घेऊन गेलास. चाळिशीची बाई मी, पाचवारी साडी, आणि हातात लिलावातली जीप! शेजारी तू, काठी टेकून, "सोड. सावकाश. सोड म्हटलं की सोड." मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत बसायची. त्यांच्यातली निम्मी माझ्याच वर्गातली. चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा न अडखळता एक फेरी पूर्ण मारली आणि तू दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्यास, काठी खाली पडली तरी.

मग आठ-नऊ वर्षं मी तुझी ड्रायव्हर. रविवारी पहाटे डबा भरायचा, धारवाडवरून अळणावरचा रस्ता धरायचा. पूर्वी लोक निरोप पाठवायचे, मग मोबाईल आले, मग कुठल्याही वेळी फोन. तू झाडाखाली दगडावर बसून बोलायचास आणि दांडा मी चालवायचे. लोकांना आधी नवल वाटायचं, मग सवय झाली. "वकीलसाहेब आणि अक्का आले," म्हणायचे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं तीच होती. शाळा, घर, शाळा एवढंच करून म्हातारी झाले असते मी. त्या वर्षांसाठी तुझे उपकार मानायला जाते आणि मधेच थांबते, कारण ती वर्षं मला तुझ्या गुडघ्याच्या बदल्यात मिळाली.

मी तुला सांगायला निघाले नव्हते असं नाही. मैदानावर एकदा गाडी थांबवून म्हणाले, "अण्णा, नवमीला मी…" तू म्हणालास, "क्लचवरचा पाय काढ आधी. प्लेट जळते." एकदा अळणावर स्टेशनसमोर चहा पिताना सुरू केलं. तू कपबशी ठेवलीस आणि म्हणालास, "ढग बघ कसले आलेत, चल, चल." दर वेळी काहीतरी निघायचं. मला मनातून हायसं वाटायचं आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची.

आणि दर नवमीला तुझी ती कटकट. "फूल घाल, कुंकू लाव, पण रंग नको." मी चिडायचे. एका वर्षी तर भांडलेच, पूजेच्या पाटावर. म्हणाले, आईच्या वेळी असलं काही नव्हतं, तू आता देवालाही उलटतपासणी घ्यायला लागलास. पूजा झाल्यावर एकेक कडी रॉकेलात बुडवून खडू फासत बसलास, आणि मी आतून भांडी आपटत राहिले.

बाहेर फाटक वाजतंय. बघते.

*

अण्णा, हे तिसऱ्यांदा बसतेय. मधे एक रात्र आणि एक दिवस गेलाय. अक्षर वेडंवाकडं आहे, हाताला फोड आलेत.

यल्लाप्पा आला होता. डोक्यावरची टोपी हातात घेऊन दारातच उभा. पाय धुवायला पाणी दिलं, बसवलं. चहा घेतला, पण कप रिकामा झाला तरी तो उठेना. मी विचारलं, "काय रे, काही अडलंय का?"

"अक्का, असल्या टायमाला इचारू नव्हं. पुतण्याची जीप नाल्यात बसलीया. त्योच नाला. दोन दिस झाले. ट्रॅक्टर घातला तर त्योबी बसतोय. वरनं पाऊस आला तर जीप खाली जाईल बगा. भाड्याची गाडी हाय, त्येचं पोटच त्यावर."

मी म्हणाले, येते. तरी तो बसूनच राहिला. टोपी फिरवत. मग म्हणाला, "आनि आजून एक हाय. वकीलसाहेबांनी मला शप्पत घातल्याली. 'मी हाय तोवर अक्काला सांगू नको.' आता त्ये न्हाईत. म्हणून सांगूलालो."

आणि त्यानं सांगितलं. तू चिखलात पडलेला, पाय वाकडा झालेला, माणसं खाट आणायला पळालेली. तू यल्लाप्पाला म्हणालास, जीपच्या हुकात लटकतोय तो कडीचा तुकडा आण. त्याच्याच कोयत्याच्या टोकानं तू त्यावरचा चंदेरी रंग खरवडलास. खालून फुली निघाली. "लई येळ बगत बसले, अक्का. मग हसलेच की! असा पाय मोडल्याला माणूस आनि हसूलालाय. म्हणले, यल्लाप्पा, ही फुली माझीच. आनि रंग आमच्या अक्काचा. तिला ह्यातलं अवाक्षर सांगायचं न्हाई. आनि तुकडा कोटाच्या खिशात घातला."

मी त्याला काय बोलले आठवत नाही. तो गेल्यावर तुझ्या ऑफिसच्या खोलीत शिरले. कोटाचे खिसे पाहिले. मग कपाट. चालू खटले, तहकूब खटले, सगळ्यात खाली निकाली. निकालीच्या गठ्ठ्यांत एक लहान लाल फडकं होतं, कोर्टातल्या कागदांना असतं तसं. आत तो तुकडा, घासून स्वच्छ केलेला, तेल लावलेला, पाठीवर फुली. सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. तुझं तिरकं अक्षर: "मुद्देमाल. फिर्यादीची काही तक्रार नाही. प्रकरण बंद." खाली तारीख. दवाखान्यातून घरी आलास त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे मैदानाच्या आधीची. स्टेशनवरच्या चहाच्या आधीची. दर वेळी तू मला अडवत होतास तेव्हा निकाल लागून चुकला होता.

मी रडले, ते तू धरून चाललाच असशील. पण आधी संताप आला, हेही ऐकून घे. असा कसा रे निकाल दिलास? आरोपीचं म्हणणं न ऐकता? कुठल्या कायद्यात बसतं हे? "मीच बघायला पाहिजे होतं" म्हणून माझा गुन्हा आपल्या अंगावर घेतलास आणि मला नऊ वर्षं शेजारी बसवून जीप चालवायला लावलीस! एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर. मी ऐकून घेतलं असतं. मला ते हवं होतं, अण्णा. तुला वाटलं तू मला वाचवलंस. थोडं वाचवलंसही. पण बोलायची पाळी माझी होती आणि ती तू घेतलीस.

आज सकाळी जीप काढली. शेजारची सीट रिकामी, तरी गिअर टाकताना तोंडानं "सावकाश" म्हणत होते. तो तुकडा फडक्यात बांधून पुढच्या खणात ठेवला होता.

नाला तसाच आहे. तू पट्टा बांधलास ते ऐनाचं झाडही. माणसं तीस एक जमलेली. पेटी उघडली आणि आधी रॉकेलचा डबा काढला. दोन्ही कड्या बुडवल्या, पुसल्या, खडू फासला आणि वाट बघत बसले. माणसं चुळबुळ करायला लागली, वर ढग दाटत होते. एक जण दुसऱ्याच्या कानात कानडीत काहीतरी म्हणाला, दुसरा हसला. मी उठले नाही. रेघ उमटली नाही तेव्हाच कड्या हातात घेतल्या. गाडी रिकामी करवली. पट्टा बुंध्याला बांधला. पोतं नाल्यात बुडवून दोराच्या मध्यावर टाकलं. यल्लाप्पाचा पुतण्या कुठूनसा लांब लोखंडी पाइप घेऊन आला, म्हणाला, "अक्का, दांड्याला ह्यो लावू या, दोघं मिळून ओढतो, झटक्यात येईल." माझंच गणित घेऊन आला होता पोरगा. मी त्याला फावडं दिलं. खणून घेतलं, चारही चाकांपुढचं, हातभर खोल. तू जिंकलास. रविवारची बैठक रद्द समज.

सगळं झालं. माणसं मागं सरकली. मी दांड्यापाशी उभी राहिले आणि सवयीनं तोंडातून निघालं, "कोण बोलणार?"

उत्तर देणारी सगळी माणसं तीच होती, फक्त ज्याचं नाव घ्यायचं तो नव्हता. यल्लाप्पानं माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांनी.

"मी बोलणार," मी म्हणाले.

पण "सावकाश" म्हणाले नाही. खणातून फडकं आणलं, तुकडा काढला आणि हात वर करून सगळ्यांना दाखवला. मग सांगितलं. आधी मराठीत, मग जमेल तशा कानडीत. ह्याच नाल्यात वकीलसाहेबांचा पाय मोडला तो ह्या कडीनं. कडी त्यांनी बाद केली होती. ही फुली त्यांची. तिच्यावर रंग लावून ती पेटीत ठेवली मी. त्यांची चूक नव्हती. ते म्हणायचे त्यांची होती, पण ती माझी होती.

तीस माणसं होती, अण्णा. एकानंही "असू द्या अक्का" म्हटलं नाही, कुणी च्यक केलं नाही, कुणी नजर खाली घातली नाही. एकदा विचारून झालं होतं की कोण बोलणार, त्यामुळे दुसऱ्या कुणी बोलायचं नव्हतं. नियम तूच शिकवला होतास त्यांना.

मी तुकडा कमरेला खोचला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि म्हणाले, "सावकाश."

दोर दोन बोटं सरकला.